पंतनगरच्या वरची गावं

औरंगाबादशेजारच्या वाळूज औद्योगिक परिसरातल्या बजाजनगरात पन्नाशीला टेकलेल्या कुठल्याही कामगारासमोर ‘पंतनगर’ म्हणून बघा, तो लगेच साल सांगेल : २००७. त्या साली बजाज ऑटोने उत्तराखंडात पंतनगरला नवा कारखाना सुरू केला आणि त्याच साली आकुर्डीच्या जुन्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं. वाळूजचा कारखाना चालू राहिला, आजही चालू आहे. पण तेव्हा मोरे चौकातल्या आणि मोहटादेवी चौकातल्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. केंद्राने २००३ मध्ये उत्तराखंड आणि हिमाचलला खास पॅकेज दिलं होतं; नव्या कारखान्याला दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ. एवढं माफ होत असेल तर उद्या वाळूजला कोण विचारतो, असा हिशेब जो तो बोटांवर मांडायचा. ‘आपली भाकरी पहाडी लोक पळवणार’ हे वाक्य त्या दिवसांत इतकं कानावर पडलं, की अजून डोक्यातून गेलेलं नाही.

त्या पहाडी लोकांच्या ताटात नेमकं काय पडलं, हे बघायला मात्र आमच्यातलं कोणी गेलं नाही.

हिमालयात जाणारे नव्हते असं नाही. वाळूज परिसरातून दर मे महिन्यात चारधामच्या बस सुटतात. बसबरोबर आचारी, गॅसच्या टाक्या आणि ज्वारीच्या पिठाची पोती. बद्रीनाथच्या थंडीत गरम पिठलं-भाकरी खाल्ल्याचं कौतुक परत आल्यावर आषाढीपर्यंत पुरतं. जून लागला की तरुण पोरं मोटरसायकली घेऊन लडाखला निघतात. त्यांना ओलांडलेल्या खिंडी उंचीसकट पाठ असतात. वाटेतल्या एका गावाचं नाव विचारा, गप्प होतात. शिखरावर जाणारेही आहेत. आमच्याच जिल्ह्याच्या पोलीस दलातले रफिक शेख २०१६ साली एव्हरेस्टवर पोचले, तेव्हा अख्ख्या शहराने त्यांना डोक्यावर घेतलं. आणि मागे गेलं तर परंपरा मोठीच आहे. अहिल्याबाई होळकरांनी केदार-बदरीच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. साताऱ्यात जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांनी १९१२ मध्ये स्वामी आनंद यांच्या सोबतीने हिमालय पायी तुडवला. त्या प्रवासाचं पुस्तक मात्र त्यांनी गुजरातीत लिहिलं, ही आपल्या वाट्याची हुकलेली गोष्ट.

यातल्या कोणाशी माझं भांडण नाही. पण सोबत आचारी नेला, की गावातल्या चुलीपर्यंत पोचायचं कारणच उरत नाही. आणि मला ती चूल बघायची होती. म्हणून मी उलट्या टोकाने सुरुवात केली : आधी पंतनगर-रुद्रपूरचे कारखाने, मग तिथल्या पोरांची गावं.

इथे बजाजनगरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना ते गाव वाटतं. वडगाव कोल्हाटीच्या शिवारात एमआयडीसीने पाडलेले प्लॉट आणि त्यावर कामगारांनी कर्ज काढून, भाडेकरूच्या पैशातून एकेक करून चढवलेले मजले, म्हणजे बजाजनगर. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, मागोमाग सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने आले आणि बीड, जालना, परभणी, हिंगोली, बुलढाण्याची माणसं इथे बिऱ्हाडाला आली. मीही त्यातलाच, जालना जिल्ह्यातला. इथे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ‘गाव कोणतं?’ आणि त्याचं उत्तर बजाजनगर असं कोणीही देत नाही, इथेच जन्मलेली पोरंसुद्धा. दिवाळीची सुट्टी लागली की दोन दिवसांत गल्ल्या रिकाम्या. दारांना कुलपं, वाहनतळ ओस, मेसवाल्याचा धंदा बंद. जो तो ‘गावाकडे’. आणि गावाकडच्या वाड्याचं कुलूपही त्याच वेळी उघडतं, वर्षातून तेवढंच.

कुलपांची ही सवय डोळ्यांना असल्यामुळे पुढचं बरंच काही मला ओळखीचं वाटलं.

सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली आणि तिथून रात्रीच्या काठगोदाम गाडीने रुद्रपूर सिटी. स्टेशनवरून सिडकुलकडे निघालं, की थोड्याच वेळात बजाजनगर भेटायला लागतं. सिडकुल म्हणजे तिथली एमआयडीसी. तेच प्लॉट, तसेच सिमेंटचे रस्ते, कंपनीच्या पांढऱ्या बस, गळ्यात ओळखपत्र अडकवून गेटकडे पळणारी पोरं. भिंतींवर ‘आयटीआय पास चाहिए’चे कागद. हा सगळा तराईचा भाग. पन्नासच्या दशकात मलेरिया आटोक्यात येईपर्यंत इथे घनदाट जंगल आणि त्यात थारू, बुक्सा आदिवासींची वस्ती होती. मग जंगल तोडून शेती झाली. फाळणीत होरपळलेले पंजाबी आणि बंगाली निर्वासित इथे वसवले गेले. १९६० साली पंतनगरला देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ उभं राहिलं, हरितक्रांतीच्या काळात बियाण्यांसाठी त्याचं नाव झालं. त्याच विद्यापीठाच्या शेतजमिनीतून पुढे ही औद्योगिक वसाहत कापून काढली. आज तिथे बजाज आहे, टाटा मोटर्स आहे आणि त्यांच्याभोवती सुट्या भागांचे कारखाने, अगदी वाळूजच्याच धर्तीवर.

रुद्रपूरच्या ट्रान्झिट कॅम्प भागात, म्हणजे बंगाली निर्वासितांच्या जुन्या वस्तीत, आता कारखान्यांचे कामगार भाड्याने राहतात. एका ठेकेदाराच्या ओळखीने मी तिथल्या एका खोलीत गेलो. माणसं चार, गाद्या दोन. दोघं पहिल्या पाळीला, दोघं तिसऱ्या. गाद्या गार व्हायला वेळच मिळत नाही. कोपऱ्यात गॅसची छोटी टाकी, तिच्यावर कुकर, भिंतीला नंदादेवीचं कॅलेंडर. त्यातला एक पोरगा मुनस्यारीच्या वरच्या एका गावातला, फिटरचा आयटीआय करून ठेकेदारीत लागलेला. मी कुठून आलो हे कळल्यावर त्याने पहिलं विचारलं, ‘‘आपके यहाँ परमनंट करते हैं क्या?’’ हाच प्रश्न बजाजनगरातली पोरं मला विचारतात. मी जे त्यांना सांगतो तेच त्यालाही सांगितलं : पूर्वी करायचे.

मी पुढे मुनस्यारीला चाललोय म्हटल्यावर तो उठला, बाहेर गेला आणि कुकरची रबरी रिंग आणि गुडघ्याला लावायच्या मलमाच्या दोन ट्यूब घेऊन आला. घरी आमा आहे, आजी. तिच्या कुकरची शिट्टी होत नाही म्हणे. गावाचं नाव, कोणत्या वळणावर उतरायचं, कोणाला विचारायचं, सगळं त्याने एका जुन्या गेटपासच्या मागे लिहून दिलं.

हल्द्वानीहून अल्मोडा, तिथून थल, बिर्थीचा धबधबा, कालामुनीची खिंड आणि मुनस्यारी. या रस्त्यावर एसटीसारखी भरवशाची गाडी नाही, शेअर जीप हेच वाहन. आमची बोलेरो होती, म्हणजे मूळची आपल्या नाशिकचीच. रस्त्याचं वर्णन इथे करत नाही. पोटात कालवाकालव होत होती, खिडकीबाहेर बघायची हिंमत नव्हती. कालामुनी ओलांडल्यावर समोर पंचाचूलीची पाच शिखरं उभी राहतात तेव्हा मात्र गाडीतल्या रोजच्या प्रवाशांनीही मान वळवली.

त्या पोराचं गाव मी इथे सांगणार नाही, त्याच्या आजीची परवानगी मी घेतलेली नाही. रस्त्यापासून तासाभराचा चढ. दोन बाजूंना पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यातली निम्मी गवताने भरलेली. कुमाऊंमध्ये घरं एका ओळीत, भिंतीला भिंत लावून बांधतात, त्या रांगेला बाखली म्हणतात. खाली जनावरांचा गोठ, वर राहायची जागा, छपराला दगडी पाट्या, दारं-खिडक्यांना देवदारावरचं कोरीव काम. या बाखलीतल्या बहुतेक दारांना कुलपं होती. काही कुलपांवर गंज होता, काहींवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, पाऊस लागू नये म्हणून. ज्याने पिशवी बांधली त्याला परत यायचं आहे. गंजलेल्या कुलपाचा मालक बहुधा दिल्लीत स्थिरावला. अंगणात बिच्छू घास वाढलेली. चुकून हात लागला तर तासभर आग होते, माझी झाली.

आमा गोठात होती. गायीला गवत घालून ती वर आली, मलम बाजूला ठेवलं आणि आधी रिंग बसवून बघितली. शिट्टी झाली. मगच मला ‘बैठो’ म्हणाली.

रात्रीच्या जेवणात मंडुव्याची रोटी होती, म्हणजे आपली नाचणीची भाकरी, आणि गहतची डाळ, म्हणजे आपले हुलगे. माझी आई हुलग्याचं माडगं करायची, ते आठवलं. बरोबर भांगेच्या बिया भाजून, पाट्यावर वाटून केलेली चटणी. भांग म्हटल्यावर मी दचकलो. तर बियांत नशा नसते, कुमाऊंत ही रोजची चटणी आहे, असं आमाने मला समजावलं. मी औरंगाबादचा म्हटल्यावर तिला ते मुंबईच्या शेजारी वाटलं आणि मी ते तसंच राहू दिलं.

बोलणं पाण्यावर आलं. तिच्या लहानपणी घरामागे नौला होता. नौला म्हणजे दगडात बांधलेलं झऱ्याचं छोटं कुंड, वर छप्पर, आत बहुधा विष्णूची मूर्ती. आता त्यात पावसाळ्यानंतर दोन-तीन महिनेच पाणी. नंतर खालच्या धाऱ्यावर, म्हणजे वाहत्या झऱ्यावर, जावं लागतं. ही तिच्या एकटीची तक्रार नाही. हिमालयातले निम्म्याच्या आसपास झरे आटत चालल्याचं निती आयोगाच्या गटाने २०१८ च्या अहवालात नोंदवलं आहे. मी तिला मराठवाड्याची गोष्ट सांगितली : २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं. तिला ते खरं वाटेना. शेजारच्या सुनेला हाक मारून तिने मला ते पुन्हा सांगायला लावलं. ‘‘रेल में पानी! और नदी तुम्हारे यहाँ है नहीं?’’ आहे, गोदावरी आहे, म्हटलं. आमच्या कारखान्यांना पाणी तिच्यावरच्या जायकवाडी धरणातून येतं. दोघी एकमेकींकडे बघून जे हसल्या, त्याचं भाषांतर मी करून घेतलं नाही.

पुरुष गेले की डोंगरातलं सगळं काम बाईवर येतं, हे पुस्तकात वाचलेलं असतं. इथे ते डोळ्यांसमोर होतं. शेजारची ती सून सकाळी दोराने कमरेला विळा बांधून गवताला निघाली. गवत जवळपास उरलेलं नाही म्हणून कड्याच्या टोकापर्यंत जायचं, कापायचं, स्वतःच्या वजनाएवढा भारा पाठीवर घेऊन परत यायचं. घस्यारी बायका कड्यावरून पडून दगावतात, वाटेत बिबट्या असतो. आणि ज्या शेतासाठी हे सगळं, त्यात माकडं आणि रानडुकरं काय ठेवतील तेच घरात येतं. तिच्या कुटुंबाची जमीन पंचवीस-तीस तुकड्यांत डोंगरभर विखुरलेली. एक तुकडा इथे, दुसरा नदीपलीकडे. पिढ्यान्‌पिढ्या भाऊवाटण्या होत गेल्या, एकत्रीकरण झालंच नाही. विकायचं तर घेणार कोण, करायचं तर राखण कोण करणार? दवाखाना लांब. अडलेली बाळंतीण किंवा आजारी म्हातारा डोलीत घालून चौघांनी रस्त्यापर्यंत उतरवायचा. आणि आता गावात चौघं तगडे पुरुषच नसतात, ही खरी अडचण तिने सांगितली.

उत्तराखंड राज्य ९ नोव्हेंबर २००० ला झालं, ते पहाडाच्या मागणीवरून झालं. लखनौतून डोंगराचं दुःख दिसत नाही, ही ती मागणी. दहा वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत पौडी आणि अल्मोडा या दोन पहाडी जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली दिसली. सरकारने २०१७ मध्ये पलायन आयोग नेमला. त्याच्या २०१८ च्या अहवालानुसार दहा वर्षांत १,१८,९८१ माणसं कायमची गाव सोडून गेली, आणि २०११ नंतर ७३४ गावं पूर्ण निर्मनुष्य झाली. गाव सोडणाऱ्यांपैकी निम्म्यांनी कारण सांगितलं रोजगार. त्याखालोखाल शिक्षण, मग दवाखाना. तिथली वर्तमानपत्रं या गावांना ‘भूतिया गाँव’ म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. भुतं माणसं मेल्यावर होतात. ही माणसं रुद्रपूरला तिसऱ्या पाळीत जिवंत आहेत.

आता त्या २००३ च्या पॅकेजकडे येतो. सवलत मिळाली ती पहाडी राज्य म्हणून. कारखाने उभे राहिले ते ऊधमसिंहनगर, हरिद्वार, डेहराडूनमध्ये. सपाट जमीन, रेल्वे आणि दिल्ली जवळ, तिथे. मुनस्यारीला त्यातून कारखाना मिळाला नाही, मिळाली ती खाली जायची वाट. डोंगराच्या नावावर माफी, आणि डोंगरातून माणसं.

हे लिहिताना मला हसूही आलं, कारण अगदी हाच हिशेब आमचाही आहे. मुंबई-ठाणे-पुण्यात कोंडलेले कारखाने मागास भागात जावेत म्हणून महाराष्ट्र सरकार १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालवतं. मराठवाडा मागास, म्हणून सवलत. वाळूज वाढलं ते या धोरणाच्या काळात. पण कारखाने आले ते औरंगाबाद शहराच्या कडेला. पाटोदा तालुका, सेनगाव तालुका, घनसावंगी तालुका आपल्या जागीच राहिले आणि तिथली माणसं बजाजनगरला आली. जी आली नाहीत ती दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाला जातात. १९८५ साली आकुर्डीतल्या एखाद्या कामगाराने चहा पिताना म्हटलं असेल का, की आपली भाकरी आता मराठवाड्याची माणसं पळवणार? म्हटलं असणारच.

गाव सोडून जाणं हा इथला जुना रिवाज आहे, फक्त पूर्वी त्याला परतीची बाजू होती. ते बघायचं तर मुनस्यारीच्या वर जोहार खोऱ्यात जावं. लिलमपासून गोरीगंगेच्या काठाने बोगड्यार, रिलकोट, मार्तोली, बुर्फू आणि शेवटी मिलम. मिलमपर्यंत मोटार रस्ता न्यायचं सीमा सडक संघटनेचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. मी मार्तोलीपर्यंत चालत गेलो. इथले शौका लोक तिबेटशी व्यापार करायचे. उन्हाळ्यात धान्य, कापड, गूळ बकऱ्या-मेंढ्यांच्या पाठीवर लादून खिंडी ओलांडायच्या, तिकडून मीठ, लोकर, टाकणखार आणायचा, आणि थंडी पडायच्या आत खाली मुनस्यारी, थल, बागेश्वरकडे उतरायचं. वर्षात दोन घरं, दोन गावं. १९६२ च्या युद्धाने खिंडी बंद झाल्या आणि व्यापार एका वर्षात संपला. १९६७ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, शिकलेली पोरं सरकारी नोकऱ्यांत गेली, मोठमोठ्या हुद्द्यांवर पोचली. मार्तोलीत दगडी भिंती एकीला एक लागून उभ्या आहेत, छपरं बसलेली. जिथे छप्पर शाबूत, तिथे मेपासून ऑक्टोबरपर्यंत कोणी ना कोणी येऊन राहतं, जंबू आणि इतर औषधी वनस्पती लावतं, मेंढ्या चारतं आणि बर्फाआधी उतरतं. आपल्याकडच्या ऊसतोड कामगारांचंही वर्ष असंच दोन तुकड्यांत कापलेलं. फरक एवढाच, की शौका व्यापारी होते, मोल त्यांच्या हातात होतं.

मिलमचंच एक नाव प्रत्येक मराठी शाळेत सांगायला हवं : पंडित नैनसिंह रावत. जन्म १८३०. इंग्रजांना तिबेटचा नकाशा हवा होता आणि गोऱ्या माणसाला तिथे प्रवेश नव्हता. नैनसिंहांनी डेहराडूनला प्रशिक्षण घेतलं, चढ असो वा उतार, पाऊल एकाच मापाचं पडेल अशी सवय अंगात मुरवली. दोन हजार पावलांना एक मैल. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, शंभर पावलांना एक मणी ओढायचा. टिपणं प्रार्थनाचक्राच्या आत दडवायची. पाणी किती तापमानाला उकळतं यावरून उंची काढायची. असे ते १८६५-६६ मध्ये ल्हासाला जाऊन आले. शॉप फ्लोअरवर स्टॉपवॉच घेऊन आमच्या हालचाली मोजणारे टाइम स्टडीवाले मी आयुष्यभर बघितले; या माणसाने तोच प्रकार स्वतःच्या पायांवर केला, पकडलं तर जिवावर बेतणार हे माहीत असताना. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. मुनस्यारीजवळ नानसेनला दिवंगत डॉ. शेरसिंह पांगती यांनी स्वतःच्या घरात उभारलेलं संग्रहालय आहे. जुनी तराजू, लोकरीच्या पिशव्या, लाकडी भांडी, घोंगड्या. कोणाचं अनुदान न बघता एका मास्तराने जमवलेलं. तासभर तरी काढा तिथे.

मुनस्यारीला लागून सरमोली नावाचं गाव आहे. तिथे दोन दशकांपासून बायका आपल्या घरातल्या खोल्या प्रवाशांना देतात, मल्लिका विर्दी आणि गावातल्या माटी संघटनेच्या बायकांनी मिळून उभं केलेलं काम. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०२३ मध्ये सरमोलीला देशातलं सर्वोत्तम पर्यटन गाव ठरवलं. पुरस्कारापेक्षा मला त्यामागचा विचार पटला. हे घरगुती पाहुणचाराचं काम वन पंचायतीशी बांधलेलं आहे. जंगल राखलं तर पाहुणा, पाहुण्याच्या पैशातून जंगल. वन पंचायत ही उत्तराखंडाची स्वतःची गोष्ट. इंग्रजांनी जंगलं राखीव केली, १९२१ मध्ये कुमाऊंच्या लोकांनी त्याविरुद्ध उठाव केला, जंगलं पेटली, आणि शेवटी १९३१ च्या नियमांनी गावाचं जंगल गावाच्या हाती आलं. अशा अकरा हजारांहून अधिक पंचायती आज कागदावर आहेत. कागदाबाहेर किती चालतात, हे गावागणिक वेगळं. चालते तिथे, कोणी किती लाकूड न्यायचं, कोणत्या दिवशी गवत कापायचं, हे बायका ठरवतात.

मी ज्या घरी उतरलो तिथली दीदी रात्री जेवताना विचारू लागली, तुमच्याकडे असं गाव आहे का? मला लांब जावं लागलं नाही. बजाजनगरपासून हाकेच्या अंतरावर पाटोदा गाव आहे (वर आलेला पाटोदा तालुका वेगळा), भास्करराव पेरे पाटलांनी घडवलेलं. गावात कर पूर्ण भरणाऱ्याला पिठाच्या गिरणीत दळण फुकट. तिला ते इतकं आवडलं, की तिने वहीत लिहून घेतलं आणि तिथेच नवऱ्याला म्हणाली, आपल्या गिरणीवाल्याने सरपंचाला कधी चहा तरी पाजलाय का! या एका दळणावरून आमचा तासभर वाद झाला : फुकट देणं चांगलं की कर सक्तीने घेणं. कारखान्यांच्या गराड्यातलं पाटोदा आणि पंचाचूलीच्या पायथ्याचं सरमोली एकाच जेवणात भांडत होते, मध्ये राजम्याची वाटी.

दिवाळीचं एक सांगायचं राहिलं. गढवालात दिवाळीनंतर अकरा दिवसांनी इगास नावाची दुसरी दिवाळी करतात. सेनापती माधोसिंह भंडारी तिबेटच्या मोहिमेवरून तेव्हा परतला अशी कथा. ही इगास जवळजवळ विसरली गेली होती. गाव सोडलेल्यांनी तरी या दिवशी घरी यावं म्हणून अलीकडे तिथे मोहीमच सुरू झाली, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने इगासची सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. सुट्टी देऊन माणसं गावाला आणता येतात. राहायला नाही. बजाजनगरात आम्हाला हे दर दिवाळीला कळतं.

‘आपली भाकरी पहाडी लोक पळवणार’ म्हणणाऱ्यांपैकी काही आता निवृत्त होऊन गावाकडे परतलेत, काहींनी प्लॉटवर तिसरा मजला चढवलाय. त्यांच्यापैकी एकाला मी परत आल्यावर रुद्रपूरच्या त्या खोलीचा फोटो दाखवला. त्याने बराच वेळ बघितला आणि विचारलं, ‘‘भाडं किती घेतात?’’ मी सांगितलं. ‘‘जास्त आहे,’’ तो म्हणाला. त्याच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत, त्याला दर बरोबर माहीत असतात.

वाचकांपैकी कोणाला या गावांत जावंसं वाटलं तर दोन-तीन गोष्टी सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. ५ ऑगस्ट २०२५ ला उत्तरकाशीतल्या धरालीत खीरगंगेचा लोंढा आला तेव्हा त्या भागात आपल्याकडचे प्रवासीही अडकले होते. सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर हा काळ चांगला, आकाश स्वच्छ असतं आणि शेतात मंडुवा कापणीला आलेला असतो. एका गावात निदान तीन-चार रात्री राहा. पहिल्या दिवशी ते तुम्हाला गिऱ्हाईक समजतात, तिसऱ्या दिवशी गुरं कुठे चरतात ते सांगायला लागतात. जे ताटात येईल ते खा. भाड्यात घासाघीस करू नका, आणि हल्द्वानीच्या एजंटाकडून खोली ठरवण्यापेक्षा राहण्या-जेवण्याचे पैसे थेट त्या घरच्या बाईच्या हातात पडतील असं बघा.